कॉलिन चॅपमन : वजन घटवून वेग मिळवणारा इंजिनिअर



बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र मुलांचे तोंडपाठ असते. पण ते कुठे वापरतात असे विचारले, की वर्ग गप्प होतो. आज अशा एका माणसाची ओळख करून घेऊ, ज्याने सगळे आयुष्य याच सूत्रावर उभे केले. त्याचे यश तर सांगूच, पण त्याच्या चुकाही सांगू. मुलांना दोन्ही बाजू कळायला हव्यात.

बालपण व शिक्षण

कॉलिन चॅपमन यांचा जन्म 19 मे 1928 रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात त्यांचे वडील एक हॉटेल चालवत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कॉलिन यांनी बांधकामाच्या सांगाड्यांचे इंजिनिअरिंग शिकायला घेतले. पूल किंवा इमारत उभी राहते तेव्हा कोणत्या भागावर किती भार येतो, याचा हिशोब म्हणजे हा विषय. त्याच काळात ते विमान चालवायलाही शिकले. विमानात प्रत्येक किलो मोजूनच घ्यावा लागतो.

गंमत म्हणजे पदवीच्या गणिताच्या पेपरात ते अडकले! 1949 साली तो पेपर पुन्हा दिला, तेव्हा पदवी हाती आली. नापास झालेल्या मुलाला धीर देताना हे जरूर सांगावे.

पहिली गाडी

कॉलेजात असताना ते जुन्या गाड्या विकत घेऊन विकत. 1947 मध्ये इंग्लंडात पेट्रोलचे रेशन बंद झाले आणि हा धंदा बसला. न विकलेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन गाडी तेवढी उरली. मग काय, कॉलिननी तिचीच शर्यतीची गाडी करायला घेतली. प्लायवुड आणि ॲल्युमिनियमचा पत्रा वापरून तिला नवे अंग दिले. हीच पहिली 'लोटस'. हॉटेलमागच्या तबेल्यात कामाची जागा केली आणि 1952 मध्ये कंपनी सुरू केली. भांडवल होते 25 पौंड, आणि तेही त्यांची मैत्रीण हेझल विल्यम्स यांनी दिलेले. पुढे 1954 मध्ये दोघांचे लग्न झाले.

हलकेपणाचे गणित

गाडी जोरात पळवायची तर मोठे इंजिन लावा, असा सरळ विचार बहुतेक जण करत. पण मोठे इंजिन जड असते. ते पेलायला सांगाडा जड लागतो, मग ब्रेक मोठे लागतात, टायर मोठे लागतात. ओझे वाढतच जाते. चॅपमन यांनी उलटा विचार केला.

फळ्यावर एक उदाहरण घ्या. गाडी 1000 किलोची आहे. तेवढेच बल ठेवून वजन 800 किलो केले, तर त्वरण सव्वापट होते. शिवाय त्याच वेगात गाडीची गतिज ऊर्जा 20 टक्क्यांनी कमी असते, म्हणून ब्रेकवरचा ताणही कमी होतो. जास्त ताकदीचे इंजिन मुख्यतः सरळ रस्त्यावर उपयोगी पडते. कमी वजन मात्र चढावर, वळणावर आणि थांबताना, सगळीकडेच कामाला येते. दप्तर घेऊन आणि दप्तराशिवाय मुलांना मैदानावर पळायला लावा, लगेच पटेल.

1957 ची लोटस सेव्हन ही अशीच साधी गाडी. तिचे वजन अर्धा टनही भरत नसे. इंजिन लहान असूनही ती चपळ होती.

एक भाग, दोन कामे

चॅपमन यांची खरी हुशारी पत्रा पातळ करण्यात नव्हती. एकाच भागाकडून दोन कामे करून घेण्यात ती होती. 1962 च्या लोटस 25 मध्ये नळ्यांचा वेगळा सांगाडा काढून टाकला आणि पत्र्याच्या पेटीसारखे अंगच भार पेलू लागले. गाडी हलकी झाली आणि आधीपेक्षा ताठही झाली. तीच चालवून 1963 मध्ये जिम क्लार्क विश्वविजेते झाले. 1967 च्या लोटस 49 मध्ये तर इंजिनालाच सांगाड्याचा भाग केले. मागच्या चाकांचा भार थेट इंजिन आणि गिअरबॉक्सवर घेतला. पहिल्याच शर्यतीत क्लार्क जिंकले.

1963 ते 1978 या काळात लोटसने फॉर्म्युला वनची 7 संघ-विजेतेपदे मिळवली आणि तिच्या चालकांनी 6 वेळा विश्वविजेतेपद पटकावले.

दुसरी बाजू

आता जरा थांबून ऐका. 1960 साली बेल्जियममधील स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात मायकेल टेलर यांच्या लोटसच्या स्टिअरिंगचा दांडा तुटला. त्यांनी पुढे कंपनीवर दावा लावला. लोटस गाड्या जलद, पण नाजूक, अशी टीका होऊ लागली. 1969 मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच, बारीक खांबांवरचे पंख मोडले. ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट, दोघांचेही अपघात झाले.

पुढच्या वर्षी लोटस 72 आली. चाकांपाशी वजन कमी व्हावे म्हणून तिचे पुढचे ब्रेक चाकातून काढून आत बसवले होते. चाक आणि ब्रेक एका दांड्याने जोडलेले. 5 सप्टेंबर 1970 रोजी इटलीत मोंझा येथे सरावात रिंट यांची गाडी कठड्यावर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. तो दांडा तुटल्याचे चौकशीत आढळले. कठडाही नीट बसवलेला नव्हता. चॅपमन यांच्यावरही ठपका आला होता, त्यातून ते पुढे सुटले. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद रिंट यांनाच मिळाले. मरणोत्तर विश्वविजेते ठरलेले ते आजवरचे एकमेव चालक.

16 डिसेंबर 1982 रोजी हृदयविकाराने चॅपमन गेले. वय अवघे 54. डीलोरियन गाडीच्या व्यवहारातील पैशांवरून त्यांच्या नावाला डागही लागला.

वर्गात काय सांगावे?

वजन कमी करणे म्हणजे दिसेल ते कापणे नव्हे. कोणता भाग नुसते ओझे आहे आणि कोणता भाग माणसाचा जीव सांभाळतो, हे आधी ओळखावे लागते. चॅपमन यांनी दोन कामे एका भागात बसवली तेव्हा गाडी हलकी आणि भक्कम झाली. जिथे जेमतेम पुरेल एवढीच ताकद ठेवली, तिथे किंमत चालकाने मोजली.

मुलांना पुठ्ठ्याची छोटी गाडी करायला द्या. आधी तिचे वजन करा, मग उतारावरून सोडून शेवटी भिंतीवर आदळू द्या. सगळ्यात हलकी कोणती हे तर विचाराच, पण आदळल्यावर शाबूत राहिलेल्या गाड्यांत सगळ्यात हलकी कोणती, हेही विचारा. उत्तर शोधताना मुले आपणच बोलू लागतील.