फ्रान्सिस ॲस्टन : अणूंचे वजन करणारे शास्त्रज्ञ



आवर्तसारणीत क्लोरिनचे अणुवस्तुमान ३५.५ दिलेले असते. एखादं चौकस मूल लगेच विचारतं की अर्धा प्रोटॉन किंवा अर्धा न्यूट्रॉन असतो का? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ज्यांनी प्रयोगाने दिलं, त्या फ्रान्सिस विल्यम ॲस्टन यांची आज ओळख करून घेऊ या.

ॲस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १८७७ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या हार्बोर्न इथे झाला. लहानपणापासून त्यांना हाताने वस्तू बनवण्याचा नाद. रसायनशास्त्र शिकल्यावर त्यांनी काही वर्षे बिअरच्या कारखान्यात नोकरी केली. पण मन संशोधनातच होतं. १९१० मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांचे सहायक झाले.

तिथे निऑन वायूवर काम चालू होतं. त्याचे अणुवस्तुमान २०.२. प्रयोगात मात्र एक ठळक खूण २० जवळ आणि दुसरी फिकट खूण २२ जवळ मिळाली. एकाच मूलद्रव्याचे अणू दोन वजनांचे असतील का? डाल्टनच्या काळापासून तर एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखेच, असंच मानलं जात होतं. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी अशा अणूंना जे नाव दिलं, त्यालाच आपण समस्थानिके म्हणतो. म्हणजे आवर्तसारणीत जागा एकच, वस्तुमान वेगळं.

पक्का पुरावा मिळायच्या आधीच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ॲस्टन यांना फार्नबरोला विमानांच्या कामावर जावं लागलं. परत आल्यावर १९१९ मध्ये त्यांनी वस्तुमान वर्णपटलेखक हे यंत्र तयार केलं. त्यात विद्युतभारित अणू विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून जातात. वस्तुमानाप्रमाणे ते कमी-जास्त वळतात आणि फोटोच्या काचेवर वेगवेगळ्या जागी रेषा उमटतात. निऑनच्या रेषा २० आणि २२ वर आल्या. क्लोरिनच्या आल्या ३५ आणि ३७ वर. ३५.५ वर रेषाच नव्हती!

मग ३५.५ आलं कुठून? वर्गात असं सांगून बघा. चार मुलं आहेत. तिघांचं वजन ३५ किलो, एकाचं ३७ किलो. एकूण १४२, भागिले ४, सरासरी ३५.५. त्या वजनाचा एकही मुलगा नाही, तरी सरासरी खरी आहे. क्लोरिनमध्येही साधारण तीन अणू ३५ चे, तर एक ३७ चा असतो. इथे मुलं ३५ आणि ३७ ची सरळ सरासरी काढून ३६ लिहितात. तेव्हा कोणते अणू किती प्रमाणात आहेत, हे आधी विचारायला लावा.

ॲस्टन यांनी पुढे निसर्गात आढळणारी २१२ समस्थानिके शोधली. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांनी लग्न केलं नाही. संगीत, खेळ, फोटोग्राफी आणि सूर्यग्रहणं पाहण्यासाठीचे दूरचे प्रवास यांत ते रमत. २० नोव्हेंबर १९४५ रोजी केंब्रिज इथे त्यांचं निधन झालं.

गंमत बघा, न्यूट्रॉनचा शोध लागला १९३२ मध्ये, त्याच प्रयोगशाळेत. म्हणजे वजनातला फरक ॲस्टन यांनी आधी मोजला, कारण नंतर कळलं. तुमच्या वर्गातल्या मुलाने अर्ध्या प्रोटॉनचा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. शाबासकी द्या आणि चार मुलांचं गणित फळ्यावर मांडा.