अंधारातली सोनेरी काच : अंतोनियो बोसिओ

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या पुसदला कासाराच्या दुकानात बांगडी फुटली, तर तुकडे केरात जातात. पण फुटक्या काचेतूनही इतिहास कळतो बरं का! ही गोष्ट अशाच काचा शोधणाऱ्या माणसाची आहे.

अंतोनियो बोसिओ यांचा जन्म १५७५ च्या सुमारास माल्टा बेटावर झाला. लहानपणीच ते रोमला काकांकडे राहायला आले. तिथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, पण मन रमले जुन्या भुयारांत.

रोमच्या वेशीबाहेर जमिनीखाली प्राचीन ख्रिस्ती लोकांची दफनभुयारे आहेत. त्यांना कॅटाकोम म्हणतात. मऊ दगडात खोदलेल्या अरुंद वाटा अन् दोन्ही भिंतींत एकावर एक कबरी! पुढे कित्येक शतके यांतली बहुतेक भुयारे लोक विसरूनच गेले होते.

१० डिसेंबर १५९३ रोजी बोसिओ सोबत्यांसह एका भुयारात उतरले. वय अवघे अठरा. पुढे पुढे जाताना वाट चुकली, मेणबत्त्या संपत आल्या. आता इथेच आपली कबर होणार, अशी भीती वाटली. कसेबसे ते बाहेर आले.

दुसरा कोणी असता तर पुन्हा फिरकला नसता. बोसिओंनी मात्र पुढच्या वेळी भरपूर मेणबत्त्या घेतल्या, अन् हे काम सुमारे ३६ वर्षे केले! आधी जुने ग्रंथ वाचायचे, जागा हुडकायची, मग आत उतरून चित्रकारांकडून चित्रे काढून घ्यायची.

या कबरींच्या चुन्यात काचेच्या पेल्यांचे बूड बसवलेले असे. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा पातळ वर्ख, अन् त्यावर कोरलेली चित्रे : मेंढी खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, संत पीटर आणि पॉल, ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरे. या काचा मुख्यतः चौथ्या शतकातल्या.

१६२९ मध्ये बोसिओ वारले. त्यांचा ‘रोमा सोत्तेरानेआ’ हा ग्रंथ त्यानंतर छापला गेला. स्वतःचे पुस्तक त्यांना पाहायलाच मिळाले नाही! पण भुयारांतली काही चित्रे पुढे नष्ट झाली, अन् ती आज आपल्याला कळतात ती या ग्रंथामुळेच. काचांबद्दलची उत्सुकताही वाढत गेली. १७१६ साली फिलिप्पो बुओनारोती यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

मुलांनो, एकदा वाट चुकली म्हणून काम सोडायचे नसते. पुढच्या वेळी मेणबत्त्या जास्त न्यायच्या. आणि जे पाहाल, ते वहीत नक्की नोंदवून ठेवा.