एका संप्रेरकाची दोन नावे

लोसार्टन, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधे आज घरोघरी ठाऊक आहेत. ती ज्या संप्रेरकाला अटकाव करतात, त्या अँजिओटेन्सिनच्या शोधाचे अर्धे श्रेय अर्जेंटिनाचे एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेझ यांच्याकडे जाते.

चिलीतील पुंता अरेनास येथे १९०३ मध्ये त्यांचा जन्म झाला. ब्यूनस आयर्समध्ये ते बर्नार्डो उसाय यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करू लागले. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळला की कुत्र्याचा रक्तदाब वाढतो, हे हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये दाखवले होते. कारण मात्र उमगले नव्हते. ब्राउन-मेनेंदेझ, फासिओलो, लेलोआर आदींनी ते शोधले. मूत्रपिंडातील रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आकुंचित करत नाही, तर रक्तातील प्रथिनापासून तसे करणारा पदार्थ तयार करते. त्यांनी त्याला ‘हायपरटेन्सिन’ म्हटले. त्याच सुमारास अमेरिकेत आयर्विन पेज यांना तोच पदार्थ गवसला; त्यांनी नाव दिले ‘अँजिओटोनिन’.

१९४३ मध्ये लोकशाहीची मागणी करणाऱ्या पत्रकावर सही केल्याने उसाय यांना विद्यापीठातून काढण्यात आले. शिष्यांनी गुरूंची साथ सोडली नाही. खासगी देणग्यांवर १९४४ मध्ये स्वतंत्र संस्था उभी राहिली. तीत ब्राउन-मेनेंदेझ यांचा पुढाकार होता.

नावाचा घोळ मात्र दोन दशके चालला. अखेर १९५८ मध्ये पेज आणि ब्राउन-मेनेंदेझ यांनी दोन्ही नावे अर्धी-अर्धी जोडली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५९ मध्ये, मार देल प्लाताजवळील विमान अपघातात ब्राउन-मेनेंदेझ यांचा मृत्यू झाला.