उणे २६९ अंशांवरचा माणूस

फर्स्ट इयरच्या फिजिक्सच्या पुस्तकात अतिवाहकतेच्या, म्हणजे आपल्या सुपरकंडक्टिव्हिटीच्या, धड्यात पहिल्याच पानावर एक आलेख असतो. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर पाऱ्याचा रोध. रेघ उजवीकडून शांतपणे उतरत येते आणि ४.२ केल्विनपाशी कडा कोसळावा तशी धाडकन शून्यावर येते. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण तो आलेख मित्राच्या जर्नलवरून उतरवतो, खाली "ओनेस, १९११" असं लिहितो आणि पुढच्या शॉर्ट नोटकडे वळतो. पाच मार्क खिशात.

पण त्या एका रेघेसाठी हाइके कामरलिंग ओनेस या माणसाने २९ वर्षं नळ्या, पंप, काच आणि माणसं जमवण्यात घालवली होती. आणि गंमत म्हणजे तो आलेख काढायला तो निघालाच नव्हता.

ओनेसचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ चा, हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन गावचा. वडिलांचा विटा-कौलांचा कारखाना. घरात कडक शिस्त, पण चित्रकलेचीही आवड. धाकटा भाऊ मेन्सो पुढे चित्रकार झाला. हाइके मात्र रसायन आणि भौतिकशास्त्राकडे वळला. १८७१ मध्ये तो जर्मनीत हायडेलबर्गला गेला. तिथे शिकवायला होते बुन्सेन आणि किर्खहोफ. एक आपल्या लॅबमधल्या बर्नरचा, दुसरा आपल्या सर्किटच्या नियमांचा! दोन वर्षांनी तो परत आला आणि १८७९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता पृथ्वी फिरते याचे नवे पुरावे. थंडीचा त्यात काही संबंध नाही.

थंडीचं वेड लागलं ते व्हॅन डर वाल्समुळे. बारावीला आपण वायूच्या समीकरणात a आणि b हे दोन स्थिरांक घोकलेले असतात, तेच हे व्हॅन डर वाल्स. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वायूचे रेणू एकमेकांना थोडे ओढतात आणि थोडी जागाही अडवतात. ओढतात म्हणूनच पुरेसे थंड केले की वायूचा द्रव होतो. आणि योग्य मापपट्टी घेतली तर सगळे वायू सारखेच वागतात. हे खरं की खोटं ते तपासायचं तर वेगवेगळे वायू अतिशय कमी तापमानाला नेऊन मोजायला हवेत. १८८२ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ओनेसला लायडेन विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राची प्राध्यापकी मिळाली, तेव्हाच त्याने जाहीर करून टाकलं की मोजमाप हाच ज्ञानाचा रस्ता आहे. ते लोकांना तेव्हा भाषणातलं वाक्य वाटलं असेल. पण हा बाबा ते खरंच जगला.

त्या काळात थंडी तयार करायची रीत म्हणजे उतरंड. एक वायू दाबाखाली द्रव करायचा, तो कमी दाबाखाली उकळू द्यायचा, त्याच्या थंडीत दुसरा वायू द्रव करायचा, त्याच्या थंडीत तिसरा. मिथिल क्लोराइडच्या जोरावर इथिलीन, इथिलीनच्या जोरावर ऑक्सिजन, मग हवा. दुसऱ्या प्रयोगशाळांत चार थेंब मिळाले की पेपर लिहायचे. ओनेसला थेंब नको होते, त्याला लिटर हवे होते. बादलीभर द्रव हवा रोज मिळत असेल तरच तिच्यात उपकरण बुडवून दिवसभर निवांत मोजमाप करता येईल, हा त्याचा हिशेब. प्रयोगशाळा नव्हे, थंडीचा कारखानाच त्याने काढला. १८९४ पर्यंत ही उतरंड नीट चालू लागली.

आणि मग परवानगीचं लफडं झालं. लायडेनमध्ये १८०७ साली बंदुकीच्या दारूने भरलेलं एक जहाज गावाच्या मध्यभागी, कालव्यात फुटलं होतं. दीडशेच्या आसपास माणसं मेली, घरंच्या घरं भुईसपाट झाली. ओनेसची प्रयोगशाळा नेमकी त्याच मोकळ्या झालेल्या जागेवर उभी होती. तिथे दाबाखालचे वायू साठवलेत हे कळल्यावर गावाचं धाबं दणाणलं. १८९५ मध्ये काम थांबलं. समित्या नेमल्या गेल्या, अर्ज-विनंत्या झाल्या, बाहेरच्या शास्त्रज्ञांची मतं मागवली. यात तीन वर्षं गेली! परवानगी आली १८९८ मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये जेम्स ड्युअरने हायड्रोजन द्रव करून शर्यत जिंकली होती. (थर्मासच्या बाटलीचा जनक तो हाच ड्युअर.) विशेष म्हणजे याच ड्युअरने परवानगीच्या भांडणात ओनेसच्या बाजूने पत्र दिलं होतं. हॉस्टेलमध्ये हीटरच्या परवानगीसाठी भांडणाऱ्यांनी धीर सोडू नये.

माझ्या मते ओनेसचं खरं मोठेपण कळतं ते पुढच्या दहा वर्षांत. ड्युअर हुशारीत कमी नव्हता, हाताने प्रयोग करण्यात तर कदाचित सरस होता. पण त्याचं कुणाशी पटायचं नाही. हेलियम ज्याच्याकडे होतं त्या रॅम्सेशी तर अजिबातच नाही. ओनेसने उलट केलं, आधी माणसं उभी केली. १९०१ मध्ये त्याने उपकरणं बनवणाऱ्यांसाठी आणि काच फुंकणाऱ्यांसाठी शाळाच सुरू केली. गावातली पोरं तिथे शिकायची, निळे डगले घालून प्रयोगशाळेत राबायची आणि कारागीर होऊन बाहेर पडायची. त्यांना "निळी पोरं" असंच नाव पडलं. ही शाळा लायडेनमध्ये आजही चालू आहे. खेरित फ्लिम नावाचा त्याचा मुख्य तंत्रज्ञ आणि केसेलरिंग नावाचा जर्मन काचकाम करणारा, या दोघांशिवाय लायडेनचं पानही हलत नव्हतं. आपल्याकडे फिटिंग शॉपमध्ये फाईल घासताना ज्यांना वाटतं की हे काय आपलं काम, त्यांनी लायडेनच्या त्या काचेच्या नळ्यांचे फोटो एकदा पाहावेत.

१९०६ मध्ये लायडेनला हायड्रोजनचं यंत्र नियमित चालू लागलं. आता राहिला एकच वायू, हेलियम. १८६८ च्या ज्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निमित्ताने या वायूचा सुगावा लागला, ते आपल्या कोकणातूनही दिसलं होतं. विजयदुर्गावरचे "साहेबाचे ओटे" त्याचीच आठवण म्हणून दाखवतात. पण हेलियम पृथ्वीवर सापडायला १८९५ उजाडलं, आणि तेही चिमूटभर. ओनेसच्या भावाने, ओन्नोने, व्यापारातल्या ओळखी वापरून अमेरिकेतून मोनाझाइट वाळूची पोती मिळवून दिली. ती वाळू तापवून, निघालेला वायू पुन्हा पुन्हा शुद्ध करून शेकडो लिटर हेलियम जमा केलं. या कामात माणसं महिनोन्‌महिने गुंतलेली होती.

मध्येच एक फजितीही झाली. १९०८ च्या सुरुवातीला ओनेसला वाटलं की हेलियम गोठलं. त्याने ड्युअरला तारही केली. नंतर कळलं की हेलियममध्ये थोडा हायड्रोजन राहून गेला होता आणि गोठला होता तो. त्याने चूक जाहीरपणे मागे घेतली आणि पुन्हा शुद्धीकरणाला बसला.

१० जुलै १९०८. पहाटे पावणेसहाला काम सुरू झालं. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रव हवा करून ठेवली होती. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन तयार झाला. यात हवेचा एक बुडबुडा जरी शिरला तरी ती गोठून नळ्या तुंबल्या असत्या आणि सगळं मुसळ केरात. ओनेसला हात मोकळे करायला फुरसत नव्हती. पत्नी प्रयोगशाळेत येऊन त्याला घास भरवत होती असं सांगतात. सव्वाचारच्या सुमारास हेलियम फिरू लागलं. हेलियमची खोड अशी की ते आधी हायड्रोजनने पुरेसं थंड केलेलं नसेल, तर बारीक छिद्रातून सोडल्यावर थंड होण्याऐवजी उलट तापतं. म्हणून एवढी उतरंड.

संध्याकाळ झाली. तापमापक एका जागी अडकला, खाली जाईना. हायड्रोजनचा साठा संपत आलेला. शेवटची बाटली जोडली. सगळ्यांना वाटलं, संपलं. तेवढ्यात बघायला आलेल्या श्राइनमाकर्स नावाच्या रसायनाच्या प्राध्यापकाने सुचवलं की तापमापक अडकला याचा अर्थ तो द्रवात बुडाला असेल, खालून दिवा धरून तर पाहा. दिवा धरला आणि द्रवाची कड चमकली. साठ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढं, द्रव हेलियम! उणे २६९ अंश सेल्सियस. पृथ्वीवरची त्या क्षणाची सगळ्यात थंड जागा. रात्री पावणेदहाला काम थांबलं. पुढची पंधरा वर्षं, १९२३ मध्ये टोरंटोला जमेपर्यंत, जगात दुसऱ्या कुणालाही हे साधलं नाही.

आता आपल्या आलेखाकडे येऊ. धातूत मुक्त इलेक्ट्रॉन फिरतात आणि अणूंच्या थरथरीमुळे त्यांना अडथळा होतो, हे तेव्हा ढोबळमानाने माहीत होतं. मग निरपेक्ष शून्याजवळ काय होईल? काहींच्या मते थरथर थांबली की रोध हळूहळू शून्याकडे जाईल. केल्विनसाहेबांना वाटत होतं की इलेक्ट्रॉनच गोठतील आणि रोध उलट प्रचंड वाढेल. ओनेसने प्लॅटिनम आणि सोनं तपासलं. रोध कमी होत गेला आणि एका किमतीला येऊन थांबला. ती किंमत धातूतल्या भेसळीवर अवलंबून होती. म्हणजे अगदी शुद्ध धातू हवा. पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करून हवा तितका शुद्ध करता येतो, म्हणून पारा.

८ एप्रिल १९११ ला फ्लिमने नव्या पात्रात द्रव हेलियम उतरवलं, डॉर्समन तापमानाकडे पाहत होता आणि खिलेस होल्स्ट दूरच्या खोलीत गॅल्व्हानोमीटरवर रोध मोजत होता. दुपारी पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्य झाल्याची नोंद ओनेसच्या वहीत पेन्सिलने आहे. तो हळूहळू नव्हे, एकदम जातो हे मेमध्ये दिसलं, आणि आपण जर्नलमध्ये उतरवतो तो आलेख २६ ऑक्टोबरच्या मोजमापाचा. एक पोरगा पंपाशी डुलकी काढत होता आणि तापमान चढल्यामुळे शोध लागला, अशी एक फार गोड गोष्ट सांगतात. त्या वह्या अलीकडे बारकाईने वाचल्या गेल्या, त्यांत तिला आधार मिळत नाही. वहीत आहे ती याहून भारी गोष्ट. त्याच ८ एप्रिलच्या संध्याकाळी तापमान आणखी खाली नेताना उकळणारं हेलियम एकाएकी शांत झालं, अशी नोंद आहे. ती अतिप्रवाहिता होती. तिचा शोध म्हणून जो लागला तो १९३८ मध्ये. एकाच दिवशी दोन चमत्कार समोर, आणि एकाच्या अंगावरून माणूस तसाच पुढे गेला.

इथे एक गोष्ट मला खटकते. पाऱ्याचा रोध ज्याने प्रत्यक्ष मोजला त्या होल्स्टचं नाव पेपरावर लेखक म्हणून नाही. आत त्याचे आभार आहेत, लेखक एकटा ओनेस. तेव्हा तशी पद्धत होती हे खरं, आणि ओनेसची हुकमत घरातल्या कर्त्या पुरुषासारखी होती, प्रेमळ पण एकहाती. १९१३ चं नोबेलही त्याला एकट्याला मिळालं. होल्स्ट १९१४ मध्ये आइंडहोव्हनला फिलिप्समध्ये गेला आणि त्यांची संशोधन प्रयोगशाळा त्याने नावारूपाला आणली. फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर कुणाचं नाव आधी, यावरून रूमपार्टनरशी अबोला धरणाऱ्यांना हे माहीत असावं.

ओनेस मात्र लगेच इंजिनियरसारखा विचार करू लागला. रोध नाही म्हणजे तार तापणार नाही, म्हणजे वाटेल तेवढा मोठा विद्युतचुंबक! शिसं आणि कथिल सापडले, त्यांच्या तारा करता येत होत्या. १९१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्याने एक लाख गॉसच्या चुंबकाचं स्वप्न मांडलं. पण थोड्याच काळात कळलं की काही शे गॉसचं चुंबकीय क्षेत्र लागलं की शिशाची अतिवाहकताच जाते. स्वप्न बारगळलं. ते पुरं व्हायला वेगळे मिश्रधातू आणि आणखी पन्नास वर्षं लागली. आज हॉस्पिटलातल्या एमआरआयच्या नळकांड्यात आपण झोपतो, तेव्हा सहसा भोवती त्याच तापमानातली नायोबियम-टायटॅनियमची तार असते. आणि हे सगळं मुळात का होतं, ते सांगायला १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यावे लागले.

हेलियम गोठवण्याचा त्याने शेवटपर्यंत नाद धरला. ०.८३ केल्विनपर्यंत पोहोचला, पण ते गोठलं नाही. नुसत्या थंडीने ते गोठतच नाही, दाबही द्यावा लागतो. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या केसोमने ते केलं, जून १९२६ मध्ये. ओनेस चारच महिने आधी, २१ फेब्रुवारीला गेला होता. फुप्फुसं जन्मभर अशक्त, प्रत्येक हिवाळा अंगावर काढलेला. थंडीच्या या बादशहाला थंडी बिलकूल सोसत नसे.

अंत्ययात्रेची एक आठवण सांगतात. शवपेटीच्या गाडीमागे फ्लिम, केसेलरिंग आणि बाकीचे कारागीर काळे कोट आणि उंच टोप्या घालून चालत होते. निघायला उशीर झाला, म्हणून गाडीवानाने घोडे हाकले आणि ही सगळी वयस्क मंडळी मागे धापा टाकत पळू लागली. त्यातला एक जण म्हणे पुटपुटला, की म्हातारा आताही आपल्याला पळवतोच आहे.

१९३२ साली हाच फ्लिम विमानाने लंडनला गेला. मांडीशी ड्युअर फ्लास्क, त्यात द्रव हेलियममध्ये बुडवलेलं शिशाचं कडं, आणि कड्यात लायडेनला सुरू केलेला २०० अँपियरचा प्रवाह. ना बॅटरी, ना वायर. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, जिथे पूर्वी ड्युअर काम करायचा तिथेच, लोकांसमोर तो फ्लास्क ठेवला तेव्हा प्रवाह चालूच होता.