डेव्हिड ब्यूइक

बाजाराच्या दिवशी बिट्टन मार्केटच्या रस्त्यावर भाजीच्या पिशव्या सांभाळीत उभे राहिले, की समोरून मोटारींची रांग सरकत असते. त्यांच्या इंजिनांत झडपा मिनिटास शेकडो वेळा उघडत-मिटत असतात. या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर बसविण्याची रीत ज्यांच्या कारखान्याने रूढ केली, ते गृहस्थ मूळचे नळकामाच्या धंद्यातील होते, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

डेव्हिड डनबार ब्यूइक यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ते दोन वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी आले. बिडाच्या टबांवर गुळगुळीत मुलामा चढविण्याची युक्ती साधून त्यांनी चांगला पैसा मिळविला. एखादा व्यवहारी माणूस येथेच थांबला असता. परंतु त्यांना इंजिनाचा ध्यास लागला आणि १८९९ मध्ये भरभराटीचा धंदा विकून ते मोकळे झाले.

त्या काळी झडपा बहुधा सिलिंडरच्या बगलेस असत. त्यामुळे ज्वलनकक्षाला एक कोनाडा काढावा लागे, वायूला वळसा घ्यावा लागे आणि बरीच शक्ती वाया जाई. ब्यूइक, वॉल्टर मार व यूजीन रिचर्ड यांनी झडपा माथ्यावर नेल्या. खाली फिरणाऱ्या कॅमने एक सळई वर ढकलावयाची, सळईने तराजूच्या दांडीसारखी आडवी दांडी कलवावयाची आणि त्या दांडीने झडप दाबून उघडावयाची, अशी ही योजना होती. सुटे भाग वाढले खरे. पण कक्ष आटोपशीर झाला व तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक बळ देऊ लागले. आपल्या अँबॅसडरने बगलेच्या झडपा सोडल्या त्या १९५९ च्या सुमारास! पुढे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये तर कॅमच माथ्यावर चढला आणि मधली लांब सळई नाहीशी झाली.

१९०४ च्या जुलैत ब्यूइक यांच्या मोटारीने फ्लिंटहून डेट्रॉइटला जाऊन परत येण्याची कसोटी पार पाडली. पैशाचा मेळ मात्र बसेना. त्याच वर्षी कारखान्याची सूत्रे विल्यम ड्युरंट यांच्या हाती गेली आणि १९०८ मध्ये त्यांनी याच कारखान्याच्या पायावर जनरल मोटर्स उभी केली. ब्यूइक बाजूला पडले. पुढे तेलाच्या आणि जमिनींच्या व्यवहारांतही त्यांना यश आले नाही.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. त्या सुमारास वृद्ध ब्यूइक डेट्रॉइटच्या एका धंदेशिक्षण शाळेत नोकरी करीत होते. त्यांच्या नावाच्या मोटारी लाखांनी धावत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरी टेलिफोन ठेवण्याचीही ऐपत नव्हती. ५ मार्च १९२९ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, ते निवर्तले.