डॉ. लूसी विल्स

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ १० मे १८८८ रोजी लूसी विल्स यांचा जन्म झाला. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. त्या काळी तेथे स्त्रियांना परीक्षेस बसता येत असे. पदवी मात्र मिळत नसे. पुढे लंडनला त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२० साली त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ साली लूसीबाई मुंबईस आल्या. कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गर्भारपणी एक भयंकर रोग ग्रासत असे. बाई फिकट पडे, चार पावले चालताच तिला धाप लागे, अंगात त्राण म्हणून उरत नसे. कित्येक माता त्यातच दगावत. त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. या रक्तक्षयाचे कारण शोधण्याचे काम परळच्या हाफकिन संस्थेत लूसीबाईंकडे आले.

प्रथम त्यांनी रोगजंतूंचा शोध घेतला. परंतु या रोगाचा जंतू काही सापडेना. मग त्यांनी या स्त्रिया रोज काय खातात याची बारकाईने चौकशी केली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे व दूध जवळजवळ नसे, त्यांनाच हा रोग अधिक होतो, असे त्यांना आढळले. दोष अन्नात होता!

तसेच निकृष्ट अन्न त्यांनी उंदरांना घालून पाहिले. उंदीर आजारी पडले खरे. परंतु त्यांच्या रोगास उवांमार्फत पसरणारा एक जंतू कारण होता, असे मागाहून कळले. लूसीबाई खचल्या नाहीत. त्यांनी माकडांवर प्रयोग आरंभिले. त्या अन्नावर वाढलेले एक माकड मरणाच्या दारी पोहोचले असता त्यांनी त्याला मार्माइट चारले. मार्माइट म्हणजे यीस्टपासून बनविलेला एक स्वस्त, काळपट पदार्थ. थोड्याच दिवसांत माकड पुन्हा तरतरीत झाले! मग रुग्ण स्त्रियांनाही मार्माइट देण्यात आले आणि त्यांचे रक्त सुधारू लागले. १९३१ साली लूसीबाईंनी हा शोध प्रसिद्ध केला. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला लोक ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

हा घटक म्हणजे एक जीवनसत्त्व होते. १९४१ साली अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. लॅटिन भाषेतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ साली भारतीय शास्त्रज्ञ डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या संशोधकांनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

आपल्या हाडांतील मज्जेत नव्या रक्तपेशी अखंड तयार होत असतात. हे काम विकर नावाची द्रव्ये घडवून आणतात. परंतु जीवनसत्त्वाच्या साहाय्यावाचून त्यांतील काही विकरांचे काम अडते. फॉलिक आम्ल कमी पडले की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणूनच त्या स्त्रियांच्या रक्तात थोड्या आणि मोठ्या पेशी दिसत. पोटात बाळ वाढत असताना मातेला हे जीवनसत्त्व अधिक लागते. म्हणून उणीवही तिलाच प्रथम जाणवते.

१६ एप्रिल १९६४ रोजी लूसीबाईंचे निधन झाले. आज भारतात गर्भवती स्त्रियांना लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या दिल्या जातात. त्या लहानशा गोळीमागे मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांचे दुःख आणि ते दूर करण्यासाठी लूसीबाईंनी केलेले परिश्रम आहेत.