कै. रावबहादूर धुरंधर आणि त्यांची जलरंगचित्रे

आपल्या पाठारे प्रभू ज्ञातीतील नामवंतांचा उल्लेख निघाला की कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांनी काय चितारले आणि कसे चितारले, असे घरातील एखाद्या मुलाने विचारले, तर आपणांपैकी कितीजण धड उत्तर देऊ शकतील? प्रस्तुत लेखकाने सारी हयात अलिबागच्या किनाऱ्यावर शाळामास्तरकीत घालविली. चित्रकलेचा तो जाणकार नव्हे. परंतु जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

महादेवरावांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. १८९० च्या आरंभी ते मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे मुख्य होते. याच ग्रिफिथ्ससाहेबांनी पूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या होत्या. समोर दिसते ते प्रमाणशीर आणि खरे उतरले पाहिजे, ही त्या शाळेची शिस्त होती व ती धुरंधरांच्या हाडीमाशी खिळली. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले. १९१० साली ते तेथील मुख्य शिक्षक झाले, १९२७ साली रावबहादूर ही पदवी आली, आणि १९३० साली शाळेच्या संचालकपदाची सूत्रे काही काळ त्यांच्या हाती आली. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय होत. १९३१ साली ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून प्रवेश केला तेव्हापासून मोजल्यास ही एकेचाळीस वर्षे भरतात, आणि आपल्या आत्मवृत्ताला त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असेच नाव दिले.

पदे आणि पदव्या येथवर पुरेत.

लोकांस त्यांची मोठी तैलचित्रे अधिक ठाऊक आहेत. आपल्या जिल्ह्यातील रायगडावर १६७४ साली झालेला शिवछत्रपतींचा राज्याभिषेक त्यांनी रंगविला आहे. त्याच्या प्रतिकृती कित्येक घरांत आढळतात, पण खाली चित्रकाराचे नाव कोणी वाचीत नाही! प्रस्तुत लेखकाला मात्र त्यांची लहान, कागदावरील जलरंगचित्रेच अधिक मोलाची वाटतात. पाणी भरणारी, फुले माळणारी, बाजारास निघालेली, लग्नघरात मिरविणारी अशी नऊवारीतील स्त्री त्यांनी किती परींनी काढली असेल याची गणती करणे कठीण. निऱ्यांचा भार, पदराचा ताण, अंबाड्याची ठेवण, नथीमुळे किंचित बदललेली ओठांची रेषा, यांत कोठे ठोकळेबाजपणा नाही. यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. पत्नी गंगूबाई व घरातील माणसे हीच पुष्कळदा त्यांच्या समोर बसत.

जलरंगाचे काम वाटते तितके सोपे नसते. तैलरंगात चुकलेले पुसून वर दुसरा थर देता येतो. अंड्याच्या बलकात कालविलेला रंग चटकन वाळतो, म्हणून त्यात बारीक रेघेशेजारी रेघ घालीत धिमेपणाने जावे लागते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. शुभ्र लुगड्यावरचे ऊन दाखवावयाचे तर तेवढी जागा आधीच राखून ठेवावी लागते. एकदा काळोख पडला की उजेड परत आणणे जवळजवळ अशक्य. म्हणजे कुंचला टेकविण्यापूर्वीच सारे चित्र मनात पुरे झालेले हवे. धुरंधरांचे रोजचे रेखाटन येथे त्यांच्या कामी आले.

त्याच काळात बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व त्यांचे शिष्य कागद वारंवार भिजवून धूसर छटांची चित्रे काढीत होते. तीच खरी स्वदेशी कला, आणि मुंबईकरांची हुबेहूब चित्रे म्हणजे साहेबाची नक्कल, असा सूर निघाला. धुरंधरांची पुस्तकांतील चित्रे तर केवळ सजावट म्हणून बाजूस सारली गेली. एडवर्ड्स यांचे मुंबईवरील पुस्तक (१९१२), किंकेड यांच्या दख्खनी गोष्टी (१९१४), ऑटो रोथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक (१९२०) ही त्यांच्या चित्रांनी सजली आहेत. हा आरोप आमच्या मते अन्यायाचा आहे. रीत विलायतेची असेल. परंतु ती पाणवठ्यावरची बाई, तो रस्ता, ते ऊन कोणाचे? आपल्या पणज्या कशा नेसत, कसे दागिने घालीत, हे आज पाहावयाचे तर याच चित्रांकडे जावे लागते.

त्यांच्या चित्रांची छापील पोस्टकार्डे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विकली जात. तसले एक कार्ड आमच्या आजीने चौकटीत बसवून ठेवले होते. ते मी हौसेने समुद्राकडील भिंतीवर लावले. दोन पावसाळ्यांत बुरशीने चित्रातल्या बाईचा चेहरा खाल्ला. दोष सर्वस्वी माझा. छापील कार्डाची ही गत, मग मूळ कागदाचे काय होत असेल!

१ जून १९४४ रोजी मुंबईस रावबहादूर निवर्तले. कन्या अंबिकाबाई याही चित्रकार होत्या. त्यांनी वडिलांच्या चित्रांचा ठेवा आस्थेने सांभाळला व त्या २००९ साली वारल्या. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा प्रस्तुत लेखक मांडव्याहून लाँचने जाऊन ते पाहून आला. काचेआडच्या त्या लहान कागदांपुढे तरुण मुलेमुली बराच वेळ उभी होती.

सभासद कुटुंबांपैकी कोणाच्या पेटीत वा माळ्यावर धुरंधरांचे चित्र, कार्ड किंवा वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी एखादे असल्यास, ते या पावसाळ्यापूर्वी ओलीच्या भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात सपाट ठेवावे आणि ज्ञातीच्या चिटणिसांस तसे कळवावे.